जेलीफिनचा डॉकर कंटेनर अपडेट करताना सेटिंग जशाच्या तशा कशा राखाव्यात

अपडेट झाल्यावर ब्राउझर उघडावा आणि समोर भाषा निवडा, नवा वापरकर्ता तयार करा अशी पहिल्या दिवसाची पाटी यावी, हा घरी मीडिया सर्व्हर चालवणाऱ्यांचा सगळ्यात मोठा धसका असतो. ती पाटी दिसली तर ‘पुढे’ दाबू नका. नव्या कंटेनरला जुना फोल्डर सापडलेला नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. बहुतेक वेळा जुनी माहिती डिस्कवर सुखरूप असते. पाटी भरत गेलात तर मात्र त्याच नावाचा दुसरा, रिकामा संसार उभा राहतो आणि पुढे कोणता खरा हे शोधत बसावं लागतं. कंटेनर थांबवा आणि खाली सांगितल्याप्रमाणे माउंट, म्हणजे कंटेनरला बाहेरून जोडलेले फोल्डर, तपासा.

हा लेख जेलीफिन या मीडिया सर्व्हरच्या अधिकृत इमेजबद्दल (इमेज म्हणजे ज्यातून कंटेनर उभा राहतो तो साचा) आहे आणि लिनक्सवर डॉकर कंपोज, म्हणजे कंटेनरची मांडणी एका फाइलमध्ये लिहून चालवण्याचं साधन, वापरणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. कमांड, फाइलींची नावं आणि पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी लिपीत, इंग्रजी अंकांत टाइप करायचे. ‘डॉकर कंपोज’ या दोन शब्दांमध्ये जागा सोडायची. मधे जोडरेघ असलेली जुनी कमांड ही पहिल्या आवृत्तीची आहे आणि तिची देखभाल २०२३ मध्येच थांबली.

काय फेकायचं आणि काय जपायचं

कंटेनर अपडेट होतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो कधीच अपडेट होत नाही. जुना कंटेनर काढून टाकला जातो आणि नव्या इमेजपासून दुसरा उभा राहतो. जुन्याच्या पोटात जे लिहिलेलं होतं ते त्याच्याबरोबर जातं. उरतं ते फक्त बाहेरून जोडलेल्या फोल्डरमधलं. त्यामुळे अपडेट सुरक्षित आहे का, हा प्रश्न खरं तर माझ्या सेटिंग नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, असा विचारायला हवा. त्याचं उत्तर बोट ठेवून देता येत नसेल, तर अपडेटला हात लावू नका.

जेलीफिनच्या अधिकृत इमेजमध्ये तीन जागा महत्त्वाच्या. /कॉन्फिग मध्ये सगळा जीव असतो: वापरकर्ते, पासवर्ड, लायब्ररी, कोणी काय कुठपर्यंत पाहिलं, प्लगइन, पोस्टर. /कॅश मध्ये तात्पुरत्या गोष्टी असतात, त्या गेल्या तरी पुन्हा तयार होतात. /मीडिया मध्ये तुमचे सिनेमे आणि गाणी. कॉन्फिगच्या आत ‘डेटा’ नावाचा फोल्डर आहे, त्यात जेलीफिन डॉट डीबी ही डेटाबेसची फाइल असते. १०.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत तिच्या शेजारी लायब्ररी डॉट डीबी ही दुसरी फाइलही दिसेल. आतल्या आणखी एका ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये सिस्टिम, नेटवर्क आणि एन्कोडिंग या नावांच्या एक्सएमएल फाइली असतात. या तिन्ही फाइली साध्या मजकुराच्या आहेत, एकदा उघडून पाहा. आपली कुठली सेटिंग कुठे बसली आहे हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मराठी घरात या फोल्डरची किंमत आणखी जास्त असते. इंग्रजी सिनेमांची माहिती आणि पोस्टर इंटरनेटवरून आपोआप परत येतात. जुन्या नाटकांची ध्वनिचित्रमुद्रणं, लग्नाच्या आणि मुंजीच्या चित्रफिती, आजीच्या आवाजातल्या ओव्या, कीर्तनांचे ऑडिओ यांची शीर्षकं, वर्षं आणि कलाकारांची नावं मात्र कोणीतरी बसून हातानं भरलेली असतात. ती कुठल्याही ऑनलाइन माहितीकोशात नाहीत. डेटाबेस गेला की ती मेहनत गेली. म्हणून प्रत्येक लायब्ररीच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा साठवण्याचा ‘एनएफओ’ हा पर्याय चालू करा. मग ती माहिती व्हिडिओच्या शेजारी छोट्या मजकूर फाइलमध्येही लिहिली जाते आणि डेटाबेस पूर्ण बिघडला तरी परत वाचता येते. आधीपासून असलेल्या नोंदींसाठी ती फाइल नोंद पुन्हा जतन झाली किंवा मेटाडेटा ताजा केला की तयार होते, त्यामुळे महत्त्वाच्या चित्रफितींच्या शेजारी फाइल खरोखर आली का ते बघा. हातानं भरलेल्या नोंदीला संपादनाच्या खिडकीत कुलूपही लावून ठेवा, म्हणजे पुढचं स्कॅन तिच्यावर दुसरं काही लिहिणार नाही.

माउंट तपासा

टर्मिनलमध्ये ‘डॉकर इन्स्पेक्ट जेलीफिन’ द्या आणि येणाऱ्या लांबलचक मजकुरात ‘माउंट्स’ हा भाग शोधा. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी बघा: टाइप, सोर्स आणि डेस्टिनेशन. डेस्टिनेशन /कॉन्फिग असलेली नोंद आपल्याला हवी आहे. तिच्यात तीनपैकी एक प्रकार दिसेल.

टाइप ‘बाइंड’ आणि सोर्समध्ये तुमच्याच डिस्कवरचा ओळखीचा पत्ता असेल, उदाहरणार्थ /एसआरव्ही/जेलीफिन/कॉन्फिग, तर उत्तम. घरासाठी हाच प्रकार निवडावा, कारण फोल्डर डोळ्यांना दिसतो आणि कॉपी करता येतो.

टाइप ‘व्हॉल्यूम’ आणि नाव वाचता येण्याजोगं असेल तर तो नाव दिलेला व्हॉल्यूम. तोही ठीक, पण त्यात एक खड्डा आहे. कंपोज हे व्हॉल्यूमच्या नावाआधी प्रोजेक्टचं नाव जोडतं, आणि वेगळं सांगितलं नसेल तर प्रोजेक्टचं नाव म्हणजे कंपोज फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव. ‘मीडिया’ फोल्डरचं नाव बदलून तुम्ही ‘सर्व्हर’ केलंत की कंपोज नव्या नावाचा, रिकामा व्हॉल्यूम तयार करतं आणि तुम्हाला पहिल्या दिवसाची पाटी दिसते. जुना व्हॉल्यूम ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ च्या यादीत तसाच असतो. कंपोज फाइलच्या अगदी वर ‘नेम:’ ही ओळ लिहून प्रोजेक्टचं नाव पक्कं केलंत तर हा त्रास कायमचा मिटतो. बाइंडचा पत्ता बिंदू-तिरकी रेघेनं सुरू केला असेल तर त्यालाही हेच लागू: तो पत्ता कंपोज फाइलच्या जागेपासून मोजला जातो, फाइल हलवली की पत्ताही हलतो.

तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा. टाइप ‘व्हॉल्यूम’ असतो आणि नावाच्या जागी ६४ अक्षर-अंकांची माळ दिसते. कॉन्फिगसाठी तुम्ही काहीच जोडलेलं नव्हतं, म्हणून डॉकरनं स्वतःहून निनावी व्हॉल्यूम तयार केला. ‘डॉकर कंपोज अप’ नं कंटेनर बदलला तर कंपोज हा निनावी व्हॉल्यूम नव्या कंटेनरला जोडून देतं, त्यामुळे काही अपडेट सुखरूप पारही पडतात आणि सगळं नीट आहे असं वाटत राहतं. मग एक दिवस ‘डॉकर कंपोज डाउन’ देऊन पुन्हा ‘अप’ दिलं जातं, आणि नवा कंटेनर नवा निनावी व्हॉल्यूम घेऊन उठतो. जुना मागे बेवारस पडून राहतो. त्यानंतर जागा मोकळी करायला कोणी ‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’ चालवलं की तोही पुसला जातो, कारण डॉकर २३ पासून ही कमांड नेमके निनावी, न वापरलेले व्हॉल्यूमच पुसते.

तुमचा प्रकार हा असेल तर आधी माहिती बाहेर काढा. ‘डॉकर स्टॉप जेलीफिन’ देऊन कंटेनर थांबवा, मग ‘डॉकर सीपी -ए जेलीफिन:/कॉन्फिग/. /एसआरव्ही/जेलीफिन/कॉन्फिग’ द्या. थांबलेल्या कंटेनरमधूनही कॉपी होते. मग खालच्यासारखी कंपोज फाइल लिहा. जुना कंटेनर लगेच काढू नका; ‘डॉकर रीनेम’ नं त्याला दुसरं नाव द्या आणि नवा नीट चालल्याची खात्री होईपर्यंत थांबलेलाच ठेवा.

कंपोज फाइल

जे लोक अजून लांबच लांब ‘डॉकर रन’ कमांडनं कंटेनर सुरू करतात, त्यांनी ती कंपोज फाइलमध्ये उतरवून घ्यावी. अपडेटच्या वेळी सेटिंग हरवण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मूळ कमांडमधला एखादा पर्याय दुसऱ्यांदा लिहिताना राहून जाणं. फाइलमध्ये एकदा लिहिलेलं असं राहून जात नाही. किमान मजकूर असा:

सर्व्हिसेस:
  जेलीफिन:
    इमेज: जेलीफिन/जेलीफिन:१०.१०.७
    कंटेनर_नेम: जेलीफिन
    युजर: १०००:१०००
    पोर्ट्स:
      - ८०९६:८०९६
    व्हॉल्यूम्स:
      - /एसआरव्ही/जेलीफिन/कॉन्फिग:/कॉन्फिग
      - /एसआरव्ही/जेलीफिन/कॅश:/कॅश
      - /एमएनटी/मीडिया:/मीडिया
    स्टॉप_ग्रेस_पीरियड: १एम
    रीस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड

‘युजर’ मधले आकडे तुमचे असायला हवेत. ‘आयडी’ कमांड दिली की ते दिसतात. कॉन्फिग आणि कॅश या दोन्ही फोल्डरची मालकी त्याच आकड्यांकडे हवी, आणि मीडिया फोल्डर त्यांना निदान वाचता यायला हवा.

व्हॉल्यूम्सच्या ओळींत कोलनच्या (:) उजवीकडचा पत्ता कधीही बदलू नका. डेटाबेसमध्ये प्रत्येक सिनेमाची नोंद कंटेनरच्या आतल्या पत्त्यानं होते. आज /मीडिया आहे आणि उद्या तुम्ही /डेटा केलंत, तर जेलीफिनच्या दृष्टीनं जुने सगळे सिनेमे नाहीसे झाले आणि नवे तेवढेच आले. डावीकडचा पत्ता, म्हणजे तुमच्या डिस्कवरची जागा, हवी तेव्हा बदला; तिथली माहिती नव्या जागी नेलीत की झालं.

‘स्टॉप_ग्रेस_पीरियड’ ही ओळ बहुतेकांच्या फाइलमध्ये नसते. कंटेनर थांबवताना डॉकर आधी विनंती करतो आणि १० सेकंदांत तो थांबला नाही तर सरळ मारून टाकतो. मोठी लायब्ररी, मंद डिस्क आणि मधेच चालू असलेलं स्कॅन असेल तर १० सेकंद पुरत नाहीत. डेटाबेसचं लिखाण अर्धवट तुटणं आपल्याला नको आहे. एक मिनिट द्या.

कॉन्फिगचा फोल्डर त्याच यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर असू द्या, शक्य तर एसएसडीवर. नासवरच्या, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणयंत्रावरच्या, फोल्डरमध्ये तो ठेवू नका. जेलीफिनचा डेटाबेस एसक्यूलाइट आहे आणि त्याची फाइल कुलूपबंद करण्याची पद्धत एनएफएस किंवा एसएमबी या नेटवर्कवरून फोल्डर वापरण्याच्या प्रकारांवर भरवशाची नसते. आज चालतं, आणि एखाद्या दिवशी लॉगमध्ये ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येऊ लागतं. सिनेमे मात्र खुशाल नेटवर्कवर ठेवा.

आवृत्तीचा आकडा

इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहिलं की प्रत्येक वेळी काय येईल ते तुमच्या हातात राहत नाही. पूर्ण आकडा लिहा. जेलीफिनमध्ये शेवटचा आकडा बदलतो तेव्हा दुरुस्त्या असतात, त्या निर्धास्त घ्याव्यात. मधला आकडा बदलतो तेव्हा डेटाबेसची रचना बदलू शकते, आणि त्या दिवशी प्रकाशनाची टिपणं शांतपणे वाचावीत. १०.९ मध्ये डीएलएनए ही घरच्या नेटवर्कवरच्या टीव्हीला थेट व्हिडिओ पुरवणारी सोय मूळ सर्व्हरमधून काढून प्लगइनमध्ये नेली. ज्यांचा जुना टीव्ही त्यावर चालायचा, त्यांना अपडेटनंतर टीव्हीवर सर्व्हर दिसेना. १०.१०.७ मध्ये सुरक्षेसाठी रिव्हर्स प्रॉक्सीची, म्हणजे बाहेरची मागणी जेलीफिनपर्यंत पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरची, वागणूक कडक केली. तुम्ही एनजिनएक्स किंवा कॅडीच्या मागून जेलीफिन चालवत असाल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘नोन प्रॉक्सीज’ या चौकटीत प्रॉक्सीचा पत्ता भरलेला हवा. दोन्ही गोष्टी टिपणांत लिहिलेल्या होत्या.

आत्तापर्यंत ‘लेटेस्ट’ च वापरत आला असाल तर नवी इमेज ओढण्याआधी डॅशबोर्डवर सध्याचा आकडा बघून लिहून ठेवा, आणि ‘डॉकर टॅग जेलीफिन/जेलीफिन:लेटेस्ट जेलीफिन/जेलीफिन:जुनी’ देऊन हातातल्या इमेजला नाव देऊन ठेवा. टॅगचं नाव इंग्रजी अक्षरांतच द्यायचं. परतायची वेळ आली तर ती नेटवरून शोधावी लागणार नाही.

रात्री आपोआप इमेज बदलणारी साधनं मीडिया सर्व्हरवर लावू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. डेटाबेसचं स्थलांतर, म्हणजे जुन्या रचनेतली माहिती नव्या रचनेत उतरवणं, कोणी जागं नसताना, बॅकअपशिवाय सुरू होणं ही फार वाईट वेळ असते. नवी आवृत्ती आल्याची नुसती सूचना देणारी डिऊनसारखी साधनं पुरेशी आहेत.

बॅकअप

चालू कंटेनरच्या डेटाबेसची कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. एसक्यूलाइट ताजं लिखाण आधी शेजारच्या ‘-वॉल’ फाइलमध्ये ठेवतो आणि नंतर मुख्य फाइलमध्ये मिसळतो. कॉपी चालू असताना लिखाण झालं तर तुमच्याकडे दोन वेगळ्या क्षणांचे तुकडे येतात. ते तुकडे जोडताना बिघाड कळतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून आधी थांबवा.

१. कोणी काही पाहत नाही ना, ते डॅशबोर्डवर बघा. ठरलेल्या कामांच्या यादीत स्कॅन चालू असेल तर संपू द्या.

२. कंपोज फाइलच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘डॉकर कंपोज स्टॉप’ द्या. ‘डाउन’ ची गरज नाही. ‘डाउन -व्ही’ तर कधीच देऊ नका, ती कमांड नाव दिलेले व्हॉल्यूमसुद्धा पुसते.

३. ‘सुडो टार -सीझेडपीएफ /बॅकअप/जेलीफिन-१०.१०.७.टीजीझेड -सी /एसआरव्ही/जेलीफिन कॉन्फिग’ द्या. इथे दुसरा ‘-सी’ मोठ्या लिपीतला, म्हणजे कॅपिटल, आहे. फाइलच्या नावात आवृत्ती लिहाच. सहा महिन्यांनी नुसत्या तारखेवरून काही कळत नाही.

४. कंपोज फाइलची आणि असेल तर ‘डॉट ईएनव्ही’ फाइलची कॉपी त्याच जागी ठेवा.

५. ‘टार -टीझेडएफ’ नं यादी काढून जेलीफिन डॉट डीबी आत आहे ना, ते बघा.

बॅकअप फार मोठा होत असेल तर दोष बहुतेक ‘ट्रिकप्ले’ चा असतो. व्हिडिओ पुढे-मागे सरकवताना दिसणारी छोटी चित्रं १०.९ पासून आली, आणि मोठ्या संग्रहात ती अनेक जीबी होतात. ती पुन्हा तयार करता येतात, त्यामुळे टारमध्ये ‘एक्सक्लूड’ पर्यायानं तो फोल्डर वगळला तरी चालेल.

मोठ्या अपडेटच्या आधी आणखी एक मिनिट काढा आणि डेटाबेस निरोगी आहे का ते तपासा. बॅकअपमधून काढलेल्या कॉपीवर ‘एसक्यूलाइट३ जेलीफिन.डीबी’ उघडा आणि ‘प्राग्मा इंटेग्रिटी_चेक;’ द्या. फक्त ‘ओके’ असं उत्तर यायला हवं. १०.१० वर असाल तर लायब्ररी डॉट डीबीवरही हेच करा. दुसरं काही आलं तर डेटाबेस आधीच दुखावलेला आहे आणि स्थलांतर मधेच अडकण्याची शक्यता मोठी आहे. आधी तो प्रश्न सोडवा.

नाव दिलेला व्हॉल्यूम असेल तर त्याचा बॅकअप तात्पुरत्या अल्पाइन कंटेनरमधून घेता येतो: ‘डॉकर रन --आरएम -व्ही व्हॉल्यूमचं-नाव:/फ्रॉम -व्ही /बॅकअप:/टू अल्पाइन टार -सीझेडएफ /टू/कॉन्फिग.टीजीझेड -सी /फ्रॉम .’ शेवटचा ‘-सी’ इथेही मोठ्या लिपीतला, आणि टोकाचा बिंदू विसरू नका.

प्रत्यक्ष अपडेट

सगळी तयारी झाल्यावर मूळ काम तीन ओळींचं आहे. कंपोज फाइलमध्ये इमेजचा आकडा बदला. ‘डॉकर कंपोज पुल’ द्या. मग ‘डॉकर कंपोज अप -डी’. कंपोजला इमेज बदललेली दिसते, तो जुना कंटेनर काढतो आणि तेच माउंट जोडून नवा उभा करतो. ‘डॉकर कंपोज रीस्टार्ट’ नं हे होत नाही. ती कमांड तोच जुना कंटेनर पुन्हा सुरू करते. अपडेट केलं तरी आकडा तोच दिसतो, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

लगेच ‘डॉकर कंपोज लॉग्ज -एफ जेलीफिन’ लावून बसा. डेटाबेसचं स्थलांतर सुरू झालं असेल तर ते इथे दिसेल. ते संपल्याशिवाय दुसरं काही करू नका. सर्व्हर तयार झाला की ८०९६ पोर्टवरचा /हेल्थ हा पत्ता ‘हेल्दी’ असं उत्तर देतो.

१०.१० वरून १०.११ वर जाताना

ही उडी वेगळी आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या १०.११ नं लायब्ररीचा जुना डेटाबेस मोडून सगळं जेलीफिन डॉट डीबीमध्ये आणलं. २०१८ च्या डिसेंबरात जेलीफिन एम्बी या मीडिया सर्व्हरपासून वेगळं झालं, तेव्हा वारशानं आलेला तो भाग होता. पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक नोंद जुन्या रचनेतून नव्यात उतरवली जाते. लहान लायब्ररीला काही मिनिटं लागतात. मालिकांचे हजारो भाग, लाखभर गाणी आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर काही तास धरून चाला.

त्याआधी १०.१०.७ वर या, तिथे सर्व्हर एकदा पूर्ण सुरू होऊ द्या आणि नीट चालतो ते बघा. १०.८ वगैरे जुन्या आवृत्तीवरून थेट उडी मारू नका. जागाही तपासा: १०.११ सुरू होताना डेटा आणि कॅशच्या जागी किमान २ जीबी मोकळे आहेत का ते बघतं आणि नसतील तर सुरूच होत नाही. स्थलांतरात जुना आणि नवा असे दोन्ही डेटाबेस काही काळ शेजारी असतात, त्यामुळे डेटा फोल्डरच्या दुप्पट जागा असलेली बरी.

स्थलांतर चालू असताना ब्राउझरमध्ये प्रगती दाखवणारं पान दिसतं. आकडा बराच वेळ हलला नाही तरी कंटेनर बंद करू नका. लॉग बघा, प्रोसेसर आणि डिस्क कामात आहेत का ते बघा. आजारी कंटेनर आपोआप पुन्हा सुरू करणारं एखादं साधन तुम्ही लावलेलं असेल तर ते आधी थांबवा, कारण स्थलांतराच्या काळात तपासणीला उत्तर मिळालं नाही की ते साधन कंटेनरला मधेच मारतं. विजेचंही तसंच. दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार असेल किंवा पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल, तर हे काम त्या दिवशी काढू नका. एरवीही सर्व्हर यूपीएसवर असू द्या.

शंका असेल तर आधी कॉपीवर तालीम करा. कॉन्फिगची पूर्ण कॉपी ‘सीपी -ए’ नं वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. वेगळ्या कंपोज फाइलमध्ये कंटेनरला दुसरं नाव द्या, डावीकडचा पोर्ट ८०९७ करा, कॅश वेगळी ठेवा, आणि मीडियाच्या ओळीच्या शेवटी कोलन (:) देऊन ‘आरओ’ लिहा म्हणजे चाचणीचा सर्व्हर तुमच्या सिनेमांच्या फोल्डरला फक्त वाचू शकेल. किती वेळ लागतो, कोणते प्लगइन बंद पडतात, हे सगळं खऱ्या सर्व्हरला धक्का न लावता कळतं. मोठ्या लायब्ररीसाठी ही तालीम आम्ही आवर्जून करायला सांगू.

झाल्यावर काय बघायचं

डॅशबोर्डवर नवा आकडा आला, सगळे वापरकर्ते दिसतात, ‘पाहणं सुरू ठेवा’ ची पट्टी तीच आहे, लायब्ररीतले आकडे आधीइतके आहेत, एवढं बघा. पान विचित्र दिसत असेल, बटणं चालत नसतील तर ब्राउझरनं जुनं पान साठवून ठेवलेलं असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा.

प्लगइनची यादी उघडा. मधला आकडा बदलल्यावर बाहेरच्या लोकांनी लिहिलेले काही प्लगइन बंद दिसतील, कारण ते त्या-त्या आवृत्तीसाठी बांधलेले असतात. नवी आवृत्ती आलेली असेल तर घ्या, नसेल तर बंदच राहू द्या. एखाद्या प्लगइनमुळे सर्व्हर उठतच नसेल तर कंटेनर थांबवून कॉन्फिगमधल्या ‘प्लगइन्स’ मधला त्याचा फोल्डर बाहेर काढून ठेवा.

हार्डवेअर ट्रान्सकोडिंग, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओचं रूपांतर, वापरत असाल तर एक मोठी फाइल मुद्दाम कमी दर्जात लावून बघा. इंटेल किंवा एएमडीवर कंपोज फाइलमध्ये ‘डिव्हायसेस’ खाली /डेव्ह/डीआरआय आणि ‘ग्रुप_अ‍ॅड’ खाली रेंडर गटाचा आकडा असायला हवा. तो आकडा ‘गेटएंट ग्रुप रेंडर’ नं मिळतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं बसवली असेल तर बदललेला असू शकतो. आतून खात्री करायला ‘डॉकर एक्झेक -आयटी जेलीफिन /यूएसआर/लिब/जेलीफिन-एफएफएमपेग/व्हीएइन्फो’ द्या.

पूर्ण लायब्ररीचं स्कॅन मात्र लगेच चालवू नका. आधी ‘डॉकर एक्झेक जेलीफिन एलएस /मीडिया’ देऊन सिनेमे आतून दिसतात याची खात्री करा. बाहेरची डिस्क माउंट झाली नसेल तर वर दिलेल्या छोट्या पद्धतीच्या ओळीमुळे डॉकर त्या नावाचा रिकामा फोल्डर स्वतःच तयार करतो आणि काहीच बोलत नाही. रिकाम्या फोल्डरवर स्कॅन चालवण्याचा धोका कशाला पत्करायचा? डिस्क ‘एफएसटॅब’ या लिनक्सच्या डिस्क जोडण्याच्या यादीत यूयूआयडीनं, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकानं, नोंदवा, आणि कंपोजमध्ये ती ओळ लांब पद्धतीनं लिहून ‘क्रिएट_होस्ट_पाथ: फॉल्स’ द्या. मग डिस्क नसताना कंटेनर सुरूच होणार नाही, आणि तेच हवं आहे.

परत जुन्यावर

नुसता इमेजचा आकडा मागे नेऊन भागत नाही. नव्या आवृत्तीनं डेटाबेस बदललेला असतो आणि जुन्या आवृत्तीला तो वाचता येत नाही. जुनी इमेज आणि जुना कॉन्फिग ही जोडी एकत्रच परत आणावी लागते.

‘डॉकर कंपोज स्टॉप’ द्या. सध्याचा कॉन्फिग फोल्डर पुसू नका, ‘एमव्ही’ नं त्याचं नाव ‘कॉन्फिग-बिघडलेला’ अशा अर्थाचं काहीतरी करा. बॅकअप ‘सुडो टार -एक्सझेडपीएफ’ नं जागेवर उघडा. कंपोज फाइलमध्ये जुना आकडा लिहा आणि ‘अप -डी’ द्या. बॅकअपनंतर जे पाहिलं असेल त्याची नोंद जाईल. बिघडलेला फोल्डर काही दिवस ठेवा, त्यातले लॉग कारण शोधायला लागतात. परतायला जुनी इमेजही लागते, म्हणून मोठ्या अपडेटनंतर आठवडाभर ‘डॉकर इमेज प्रून -ए’ चालवू नका, ती जुनी इमेजही उडवते. नुसतं ‘डॉकर इमेज प्रून’ फक्त नाव नसलेल्या इमेज काढतं.

१०.११ पासून डॅशबोर्डमध्येच बॅकअप घेण्याची आणि परत बसवण्याची सोय आली आहे. ती जरूर वापरा, पण तयार होणारी फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि टारचा बॅकअप सोडू नका. सर्व्हर सुरूच होत नसेल तेव्हा डॅशबोर्डही उघडत नाही.

लॉगमधल्या ओळी आणि त्यांचे अर्थ

‘एसक्यूलाइट एरर ८’, म्हणजे केवळ-वाचनीय डेटाबेस. बहुतेक वेळा बॅकअप सुडोनं, पण मालकी न राखता कॉपी केलेला असतो आणि फाइली रूटच्या झालेल्या असतात. ‘सुडो चोन -आर १०००:१००० /एसआरव्ही/जेलीफिन/कॉन्फिग’ दिलं की सुटतं. इथला ‘-आर’ मोठ्या लिपीतला. ‘अ‍ॅक्सेस टू द पाथ … इज डिनाइड’ चंही मूळ हेच, फक्त कोणता फोल्डर ते त्या ओळीत वाचा, कधी तो कॅशचा असतो.

‘एरर ५’, डेटाबेस कुलूपबंद. कॉन्फिग नेटवर्कवर आहे, किंवा एकाच कॉन्फिगवर दोन कंटेनर चालू आहेत. तालमीचा कंटेनर चुकून मूळ फोल्डरला जोडला गेला का ते आधी तपासा.

‘एरर ११’, डेटाबेसची फाइल मोडली. इथे डागडुजीपेक्षा बॅकअप बरा. परत बसवताना शेजारच्या जुन्या ‘-वॉल’ आणि ‘-एसएचएम’ फाइली तशाच राहू देऊ नका. दुसऱ्या क्षणाच्या त्या फाइली चांगल्या डेटाबेसलाही बिघडवतात. पूर्ण फोल्डर बाजूला सरकवून मग बॅकअप उघडायचा, तो यासाठीच.

पोर्ट ८०९६ आधीच वापरात आहे अशी तक्रार आली तर नाव बदललेला जुना कंटेनर चालू राहिलेला असतो. ‘डॉकर पीएस’ मध्ये तो दिसेल.

दुसऱ्या मांडणीवर असाल तर

पोर्टेनरमध्ये स्टॅक उघडा, आकडा बदला, ‘अपडेट द स्टॅक’ दाबताना इमेज पुन्हा ओढण्याचा पर्याय चालू करा. बॅकअप तरीही टर्मिनलमधूनच, कंटेनर थांबवून. कासाओएसमध्ये कॉन्फिग सहसा /डेटा/अ‍ॅपडेटा खाली असतो आणि अनरेडमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ शेअरमध्ये.

लिनक्ससर्व्हर या गटाची इमेज वापरत असाल तर वरचं सगळं लागू आहे, पण आतली रचना वेगळी आहे. तिथे ‘युजर’ ऐवजी ‘पीयूआयडी’ आणि ‘पीजीआयडी’ असतात, सिस्टिम एक्सएमएल थेट /कॉन्फिग मध्ये असते आणि डेटाबेस एक पायरी आणखी आत, /कॉन्फिग/डेटा/डेटा मध्ये. म्हणून अपडेटच्या निमित्तानं एका इमेजवरून दुसरीवर उडी मारू नका. इमेजचं फक्त नाव बदलून तोच फोल्डर जोडला की सर्व्हरला आपला डेटाबेस जागेवर सापडत नाही आणि तीच पहिल्या दिवसाची पाटी समोर येते. इमेज बदलायचीच असेल तर अपडेट वेगळं, स्थलांतर वेगळं, आणि दोन्हींच्या मधे एक ताजा बॅकअप.